सुधीरचं टेबल

रविवार, संध्याकाळ. मुलुंड.

घाटकोपर जवळ, म्हणून आज सुधीरच्या भाषणाला गेले. एरवी कुठे जाते मी?

नवरा माझा लोकांना 'घाबरू नका' सांगत फिरतो, पण उभं राहून बोलायचं म्हटलं की त्याचे पाय लटपटतात. हे फक्त मला माहीत. केबल चॅनलवर इतकी वर्षं खेळाच्या बातम्या दिल्या त्या टेबलामागे बसून. वर ब्लेझर, खाली हाफ पँट. चॅनल बंद पडलं आणि ही भाषणं सुरू झाली, तेव्हापासून आयोजकांना फोन करून टेबल मागायचं काम माझं.

आज टेबल होतं, पण बाहेर. त्यावर समोसे मांडलेले.

स्टेजवर नुसता माइक. सुधीर दोन वाक्यं बोलला आणि त्याची पँट थरथरताना मला तिसऱ्या रांगेतून दिसली. मग माइक घेऊन तो सरळ खाली उतरला, माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकला आणि तिथूनच अख्खं भाषण ठोकलं. कबड्डीची कॉमेंट्री करायचा तसं, झकास. माझी खुर्ची मात्र शेवटपर्यंत हलत होती.

नंतर एक बाई मला म्हणाल्या, "सर लोकांमध्ये येऊन बोलतात, काय स्टाइल आहे ना." मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

घरी आल्यावर म्हटलं, "पुढच्या वेळी टेबलाचं त्यांना दोनदा बजावते रे."

बूट काढता काढता म्हणाला, "टेबल राहू दे गं. तू येत जा."