स्मूदी आणि अकरा घागरी

८ एप्रिल २०१६, शुक्रवार. पाडवा.
आजपासून नवं आयुष्य. डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्यात: रोज चालणं, चहा कमी, फळं भरपूर. तिसरी सगळ्यात तातडीची वाटली, म्हणून तिथून सुरुवात. मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. केळं, पपई, दही, ताजं आलं, मिक्सर. दोन मिनिटांचं काम. घरात सगळे अद्रक म्हणतात, पण व्हिडिओतली बाई आलं म्हणते. मीही आलंच म्हणणार.
शिवाय ऑफिसात कुजबुज आहे की उदगीर नवा जिल्हा होणार. नवा जिल्हा म्हणजे नवं कलेक्टर ऑफिस, नव्या खुर्च्या. अनुभवी अव्वल कारकून लागेल आणि तो फिट लागेल.
संकल्प: रोज एक ग्लास. खंड नाही.

९ एप्रिल, सकाळी ७.१०
पहिली स्मूदी. आलं अंगठ्याएवढं टाकलं, सालीसकट. सत्त्व सालीत असतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. शरीरातली घाण निघाली असणार. चवीला मात्र लसूण. तारामती म्हणाली, मिक्सरचं भांडं एकच आहे, काल त्यात शेंगदाण्याची चटणी वाटली. नीट धुवायचं होतं, असं मी शांतपणे सुचवलं. ती म्हणाली, "कशानं धुऊ?"
हिचा स्वभावच निगेटिव्ह.

११ एप्रिल
ताराच्या भावानं, किशनरावांनी, अर्धापूरहून केळी पाठवली. अख्खा घड, एसटीतून. वर चिठ्ठी: "ताईसाठी." घरासाठी असंच म्हणायचं असणार.

१२ एप्रिल
लातुरात पाण्याची रेल्वे आली. बघायला ऑफिस रिकामं. माझ्या शेजारच्या टेबलावरचा संगप्पा म्हणाला, चालत जाऊ. रिक्षा केली, पण स्टेशनात उतरल्यावर बरंच चाललो. आजचं चालणं झालं. येताना चहा, फक्त दोन.

१३ एप्रिल, सकाळी
नऊ दिवसांनी टँकर आला. तारा पहाटेपासून रांगेत. अकरा घागरी, एक जिना. मी उतरणारच होतो, पण स्मूदी केल्यावर दहा मिनिटांत प्यावी लागते, नाहीतर जीवनसत्त्वं उडतात. ग्लास घेऊन गॅलरीत उभा राहिलो आणि घागर उचलताना कंबरेत न वाकता गुडघ्यात वाक, असं वरून सांगितलं. तारानं वर पाहिलं. खालच्या पार्वतीबाई काहीतरी बोलल्या, बायका हसल्या. टँकरच्या आवाजात ऐकू आलं नाही. बहुतेक कौतुक.

१५ एप्रिल
भांडं धुण्यावरून मतभेद. एका स्मूदीला तीन तांबे पाणी जातं म्हणे. पण तारा तेच पाणी फरशीला वापरते आणि उरलेलं तुळशीला घालते. म्हणजे तुळस माझ्या स्मूदीवर जगली आहे. हे घरात कोणी बोलत नाही.

१८ एप्रिल
मेडिकलच्या काट्यावर वजन केलं. दीड किलो वाढलं. सँडल जड आहेत. साखरेचा संबंध नाही. तीन चमचे तर फक्त आल्याचा तिखटपणा मारायला टाकतो. उद्यापासून गूळ.

२० एप्रिल
तारा म्हणाली, जिना चढताना गरगरतं. मी म्हणालो, तब्येतीकडं लक्ष द्यावं लागतं, माझ्याकडं बघ. तिनं बघितलं.
संगप्पा म्हणतो, उदगीरचं काहीच ठरलं न्हाई, नुसत्या गप्पा हायेत. हा मूळचा निलंग्याचा. पोटदुखी असणार.

२२ एप्रिल, दुपार
टँकर आला होता. मी आलं किसत होतो. किसल्यावर तंतू येत नाहीत, हे मी स्वतः शोधून काढलं. खाली घागर आपटल्याचा आवाज झाला. मग पार्वतीबाईंची हाक: "आवो साहेब, काय करायलाव वर? तारा पडली की हितं!"
रिक्षात तारा माझ्या खांद्यावर. अंग हलकं लागलं. इतकं हलकं कधी झालं, माहीत नाही.
डॉक्टर तेच, माझेच. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, घरात फळं येत नाहीत का?
तारा पडल्या पडल्या म्हणाली, "येतात की. मिक्सरमधी जातात."
डॉक्टर गोळ्या लिहायला लागले. मी भिंतीवरचा तक्ता वाचला. डोळ्यांचा होता. शेवटची ओळ दिसली नाही.

२३ एप्रिल
रजा टाकली. तारासाठी खास स्मूदी करायला घेतली, आलं निम्मं. ती म्हणाली, "नुसतं केळं द्या." दिलं. तिनं सालीसकट हातात धरून ठेवलं. मग लक्षात आलं, तिला सोलायचंही त्राण नाही. सोलून दिलं. दोन खाल्ली. घडातली शेवटची दोन. आधीची कोणी खाल्ली, याचा विचार केला नाही. गरज नव्हती.

२६ एप्रिल
किशनराव जीप घेऊन आले. ताईला महिनाभर अर्धापूरला नेतो म्हणाले, मळ्यात विहिरीला अजून पाणी आहे. माझ्याशी जास्त बोलले नाहीत, ड्रायव्हिंगचा थकवा. मीच म्हणालो, माझ्याही मनात हेच होतं. तारानं जाताना सगळं समजावून सांगितलं: कळशी कोणती, घागरी कोणत्या, पिण्याचं पाणी गाळायचं फडकं कुठं, पाइप ज्या म्हातारीच्या हातात असतो तिच्याशी वाद घालायचा नाही. माझ्या तब्येतीबद्दल काही बोलली नाही. घाईत राहून गेलं असेल.

१ मे, रविवार
टँकर आला. साडेपाचला खाली गेलो. चार घागरी पायऱ्यांपर्यंत नेल्या. एक सांडली, एक अर्धी राहिली. कंबर धरली. गुडघ्यात वाकून काही होत नाही.
या गल्लीत मला नऊ वर्षं झाली. पाइपवाल्या म्हातारीनं माझी घागर सरळ केली, मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "पाव्हणं, कोनाकडं आलाव?"
मी म्हणालो, तारामतीकडं.
"मग भर," ती म्हणाली. "लई चांगली बाई हाय ती."