मधला स्पीकर

५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, म्हणून चकित होऊ नकोस. आपल्या घरी फोन हॉलमध्ये स्पीकरवर टाकूनच घ्यावा लागतो, नाहीतर आईला ऐकू येत नाही. आणि आईला ऐकू आलं की गुपित कसलं उरतंय? तेव्हा या विषयावर फोनवर चकार शब्द काढू नकोस.

आईचं थिएटर बंद झाल्यापासून ती नुसती खिडकीत बसून असते. जन्मभर बाल्कनीच्या दाराशी तिकिटं फाडली, उशिरा येणाऱ्यांना बॅटरी दाखवून जागेवर बसवलं, आणि आता गुडघ्यांपायी जिनासुद्धा उतरत नाही. जिनं जगातले सगळे पिक्चर फुकटात पाहिले, तिनं दिवसभर समोरच्या गच्चीवरचे कपडे बघायचे, हे मला बघवत नाही. म्हणून घरातच थिएटर करायचं ठरवलंय. टीव्ही आहेच, आता आवाजाचं बघायचंय.

अडचण अशी की ऐपत तुटपुंजी आणि हौस दांडगी. अँप्लिफायर आणि डावा-उजवा असे दोन स्पीकर जमतात. त्यानंतर एकच गोष्ट परवडते : एकतर टीव्हीखाली ठेवायचा मधला स्पीकर, नाहीतर सबवूफर. सबवूफर म्हणजे तो धडधडणारा मोठा डबा. आठवतं ना, आई रात्री पिक्चरच्या गोष्टी सांगायची तेव्हा दर दोन वाक्यांनी कसं धाडधूम करायची? पलंग हलायचा. मला वाटतं तिला सबवूफरच आवडेल. भाऊजींचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, त्यांना विचारून कळव.

तुझा लोभ आहेच, तो दुकानदार मला टोपी घालायच्या आत पोचू दे.

तुझा,
ढब्बू

---

१३ जून

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

तुझे भाऊजी पत्र वाचून इतके खूश झाले की जेवण अर्धं टाकून कागदावर खोली काढायला बसले. त्यांचं म्हणणं एका ओळीत सांगते, कारण ते स्वतः एका ओळीत कधीच सांगत नाहीत. पिक्चरमधली माणसं जे बोलतात, ते मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतं. सबवूफर फक्त धडधड करतो. ज्याचे कान थकले आहेत, त्याला धडधड ऐकू येतेच, हरवतात ते शब्द. तेव्हा आईसाठी आधी मधला स्पीकर, डबा नंतर कधीतरी.

आता माझं. आईचं कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये पडलंय ना अजून? शिट्टी मारतं म्हणते, म्हणजे घालणार नाही. ढब्बू, मी तुला ओळखून आहे. लहानपणी घरातला एक पत्र्याचा डबा तू सरळ ठेवला नव्हतास, सगळे बडवून पोचे पाडलेस. आईच्या नावाखाली स्वतःची हौस भागवू नकोस.

मी इथं लांब बसून शहाणपणा शिकवतेय, हे मलाही कळतं. दोन सुट्ट्या आल्या नि गेल्या, माझं काही तिकडं येणं झालं नाही. तिच्या गुडघ्याला तेल चोळतोस तू, आणि उपदेश करते मी. पण शब्द तेवढे तिला ऐकू येऊ देत बाबा.

माया आहे तशीच आहे, कान धरायला मात्र हात पुरत नाही.

ताई

---

२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आलं सगळं! रविवारभर जोडाजोडी केली. सबवूफर कुठं ठेवायचा याची एक गंमत असते, भाऊजींना माहीत असेल. जिथं आपण बसणार तिथं तो डबा ठेवायचा, आणि आपण खोलीभर रांगत जिथं आवाज छान भरतो ती जागा शोधायची. मग डबा तिथं, आपण परत खुर्चीत. तर डबा आईच्या खुर्चीवर विराजमान, आणि मी चपलांच्या मांडणीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत रांगतोय. आईनं विचारलं, काही हरवलंय का रे? हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी दाराजवळचा कोपरा ठरला. काय आवाज आहे म्हणून सांगू! कपाटातल्या वाट्या थरथरतात. आई छान म्हणाली. तू काळजी करू नकोस.

जिव्हाळा असाच असू दे, बाकी सगळं क्षेम.

ढब्बू

---

१० जुलै

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

पानभर डब्याचं पुराण लिहिलंस, मधल्या स्पीकरबद्दल एक ओळ नाही. आणि परवा फोनवर आई जे छान म्हणाली ना, तसं ती मी पाठवलेल्या स्वेटरला म्हणाली होती. तो स्वेटर अजून घडीतच आहे.

खरं काय ते लिही. रागावणार नाही असं वचन देत नाही.

ताई

---

१८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मधला स्पीकर घेतलेला नाही.

तुझं पत्र खिशात घालूनच दुकानात गेलो होतो, देवाशपथ. पण दुकानदारानं तो डबा लावून दाखवला आणि माझी छाती आतून हलली. त्या क्षणी आई, तू, भाऊजी, कुणी आठवलं नाही. घरी येताना रिक्षात मनाला समजावलं, की तिच्या गोष्टींत धाडधूमच तर असायची, म्हणजे हे तिच्यासाठीच. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. तुला लिहिताना म्हणूनच ती ओळ गाळली.

आता शिक्षा चालू आहे. मी पिक्चर लावला की आई थोडा वेळ बसते, मग उठते, स्वयंपाकघरात जाते आणि दार लावून घेते. आत काहीच काम नसतं. एकदा हळूच डोकावलो, तर स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसली होती. का गं, म्हटलं, तर म्हणाली, तू बघ, मला इथून येतं ऐकू.

ताई, मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढं भिंगं बदलतो आणि एकच प्रश्न विचारतो, हे जास्त स्पष्ट की ते? परक्यांना शंभरदा विचारतो. आईला एकदा विचारलं नाही. डबा समोर आहे, आणि त्याच्याकडं बघायची लाज वाटते.

तुझ्या मायेवर हक्क सांगायला तोंड नाही, तरी ती हवी आहे.

ढब्बू

---

२७ जुलै

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

ढब्बूनं काय केलं, मी स्वयंपाकघरात का बसते, असं विचारणारं तुझं पत्र मिळालं. त्याला बोलू नकोस. पोरगं माझ्यासाठी गुडघ्यांवर रांगलं, याहून काय हवं? चष्मा लावून सावकाश लिहितेय, अक्षर गोड मानून घे.

मी आत जाते, कारण तो पिक्चर बघतच नाही. तो माझ्या तोंडाकडं बघतो, मला आवडतंय की नाही म्हणून. मला तर कोण काय बोलतंय ते कळत नाही, नुसती धडधड येते. खोटं किती वेळ हसणार? म्हणून दार लावते. दाराबाहेर बसायची मला सवयच आहे.

तुम्हा दोघांना वाटतं मी सगळे पिक्चर पाहिले. अगं, मी दाराशी होते ना. लोकांना बसवायचं, दार लावायचं आणि बाहेर स्टुलावर बसायचं, हीच नोकरी. आत थांबलं की मॅनेजर ओरडायचा. जाड दार, वरून पडदा. त्यातून शब्द येत नाही, फक्त धाडधूम येते. सुटल्यावर माणसं बाहेर यायची, त्यांची तोंडं बघायची मी. कोण रडलं, कोण हसतंय. त्यावरून गोष्ट जुळवायची आणि रात्री तुम्हाला सांगायची. धाडधूम तेवढी खरी असायची, बाकीची माझी. तुम्ही इतके डोळे मोठे करून ऐकायचात, की खरं सांगायचं राहूनच गेलं.

ढब्बू थिएटर करणार म्हणाला तेव्हा मला एकच वाटलं होतं. आयुष्यात एकदा आत बसून, ती माणसं बोलतात काय ते ऐकावं. पण त्यानं हौसेनं आणलंय, त्याला हे कळवू नकोस. मला काही कमी नाही.

स्वेटर आज घातला. बाह्या लांब आहेत. माझा लोभ लिहून कशाला दाखवू, तो आहेच.

तुझी,
आई

---

१५ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कळवू नकोस असं लिहिलेलं आईचं पत्र तू जसंच्या तसं माझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवलंस. सोबत तुझी चिठ्ठी, की तिचा शब्द मोडल्याचं पाप तुझ्या डोक्यावर, आणि दोघांत मिळून तिचं म्हणणं ऐकायला आपल्याला चाळीशी यावी लागली. ताई, पाप घेतलंस ते बरं केलंस. मी गिऱ्हाइकाला भिंग लावून तसाच थांबलो होतो, त्यानं हाक मारली तेव्हा भानावर आलो.

जन्मभर जी धडधड तिनं दाराबाहेर बसून ऐकली, तीच मी डब्यात घालून घरी आणली, ताई. याला काय म्हणावं?

डबा परत नेला. दुकानदारानं कारल्यासारखं तोंड केलं, पण बदल्यात मधला स्पीकर दिला. टीव्हीखाली तिच्या कानांच्या उंचीवर बसवला. मग तिला बसवून, भिंगं बदलतो तसं विचारलं, आई, असा आवाज बरा की असा? चार वेळा नुसतंच ‘असा’ म्हणाली, पाचव्यांदा म्हणाली, थांब, आता कळलं तो काय म्हणाला ते.

संध्याकाळी खोलीत अंधार केला. ड्रॉवरमधून तिची जुनी बॅटरी काढली आणि पायापुढं उजेड धरून तिला खुर्चीपर्यंत नेलं. तिनं तिकीट मागितलं नाहीस म्हणून मलाच दटावलं. पिक्चर लावला, आणि तिच्या तोंडाकडं बघायचा मोह नको म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन दार लावलं. तिच्या स्टुलावर बसलो.

डबा नाही, त्यामुळे दारातून धडधडसुद्धा येत नव्हती, नुसती अस्पष्ट गुणगुण. आत काय चाललंय, काही पत्ता लागेना. मध्येच ती एकटीच मोठ्यानं हसली. कशाला, ते मला कळलं नाही. तिनं इतकी वर्षं हे कसं काढलं असेल, याचा विचार करत बसलो.

संपल्यावर दार उघडून ती बाहेर आली आणि मला म्हणाली, ऊठ, माझी जागा आहे ती. मग बसून सगळी गोष्ट सांगितली, कोण कुणाला काय म्हणालं, त्यावर तो काय म्हणाला, अगदी शब्द न् शब्द. एकदाही धाडधूम केलं नाही.

पुढच्या सुट्टीत ये. तुझी जागा धरून ठेवतो, लोभ त्या जागेवरच बसलेला असेल.

तुझा,
ढब्बू