खळ्यातली तार

मी केसरीनाथ सावळाराम तरे, वय वर्षे छप्पन्न, धंदा शेती व यंत्रमाग, राहणार मानकोली, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, आज पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या धाकाला वा गोड बोलण्याला न भुलता, माझ्यामागे माझ्या मिळकतीचे काय व्हावे ते स्वहस्ते लिहून ठेवीत आहे. छातीचे दुखणे निघाल्यापासून घरात सगळेच माझ्याशी फार गोड बोलतात, म्हणून ही घाई.

१. राहते घर, परसातील विहीर व चिंचेसह, माझी पत्नी पुतळाबाई हिच्या एकटीच्या मालकीचे राहील. हे घर बसले ते राघो मास्तरांमुळे. मास्तर शाळेत ड्रॉइंग शिकवीत आणि शाळा सुटली की आम्हा पोरांना हुतुतू. पडघ्याच्या सामन्यात समोरच्या गड्याचा हात मला निसटता लागला. पंचांनी पाहिले नाही, मीही न लागल्यासारखे केले. तेवढ्यात मास्तर बाहेरून ओरडले, "केसऱ्या, लागलाय तुला. हात वर कर नि बाहेर ये." मी आलो आणि आम्ही हरलो. महिनाभर मी मास्तरांचे तोंड पाहिले नाही. पुढे पडघ्याहूनच स्थळ चालून आले. सासरे तो सामना बघायला होते. म्हणाले, "जो पोरगा हरायला भीत न्हाय, त्याला पोरगी द्यायला मी कशाला भिऊ?"

२. भिवंडीतले चारही माग मुलगा नवशा याला द्यावेत. अट एकच. कापडात खोट निघाली तर व्यापाऱ्याने धरण्याआधी आपण हात वर करायचा. असा धंदा होत नाही, असे नवशाला वाटते. बापाचे माग अजून कसे चालू आहेत, याचा त्याने शांतपणे विचार करावा.

३. खाडीकडचे शेत मुलगी कमळ हिला. मुलीला शेत कशाला, असे विचारणाऱ्याने आधी लावणीला चिखलात उतरावे, मग विचारावे.

४. आता खळे. भात झोडून झाले की सारवलेल्या खळ्यावर गावच्या पोरांनी हुतुतू खेळायचा, हा आमच्या वडिलांच्या वेळचा रिवाज. मधली रेघ मास्तर स्वतः राखेने आखीत. वाटणीत मी व धाकटे बंधू तुळशीराम यांनी खळेसुद्धा अर्धे केले आणि हद्द नेमकी त्या रेघेवर आली. तुळशीरामने तिथे काटेरी तार ओढली. मी वकिलाची नोटीस धाडली. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे, आणि पोरे हमरस्त्याच्या कडेला ट्रकांच्या धुळीत खेळतात. एक दिवस कोणीतरी चाकाखाली यायचा, ही धास्ती मला झोपू देत नाही.

नवशाला माझ्या अर्ध्यात मागांची शेड घालायची आहे. ती घालू नये. माझा अर्धा भाग माझ्या मृत्यूनंतर तुळशीरामला द्यावा, म्हणजे हद्दही उरणार नाही व तारेला कारणही उरणार नाही. माणूस हट्टी आहे, पण पोरांना हाकलणारा नाही. लहानपणी माझ्या टीममध्ये त्याच्याइतकी पायाची पकड कोणाची नव्हती, हे येथे लिहायला मला लाज वाटत नाही.

येथवर लिहून साक्षीदारांना वाचून दाखवले. मास्तरांनी सही करण्याआधी चष्मा काढला व म्हणाले, "तू मेल्यावर तार निघणार. म्हणजे पोरांनी तुझ्या मरणाची वाट बघायची काय रे? दम हाय तवर रेघेला हात लाव, हेच शिकवलं ना तुम्हाला?"

मला राग आला. पुतळाबाई आतून म्हणाली, "मास्तरांचा बराबर हाय." मग मी पुन्हा लेखणी उचलली.

सबब कलम चार रद्द. जे आजच द्यायचे ते मृत्युपत्रात कशाला? सही होताच पक्कड घेऊन मी तुळशीरामच्या दारात जात आहे. तार त्याने एका टोकाने सोडावी, मी दुसऱ्या टोकाने सोडीन. बाकीच्या कलमांना काही घाई नाही.

सही : केसरीनाथ सावळाराम तरे

साक्षीदार :
१. राघो भिकाजी केणे, निवृत्त ड्रॉइंग मास्तर
२. जानकीबाई नामा भोईर, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम मानकोली, ता. १२ जानेवारी १९७४