रकाना सातवा: इच्छा

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून ट्रस्टच्या हॉस्पिटलात रुजू. छातीवर बॅज: ‘स्पिरिच्युअल केअर प्रोव्हायडर’. मराठीत छापा म्हटलं होतं, पण तेवढं मराठी बॅजवर मावत नाही म्हणे. तहसील कचेरीत चौतीस वर्षं काढली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. रडत आलेल्या माणसाशी कसं वागायचं हे मला कोणी शिकवायला नको. तरी मोबाइलवर सहा रविवारांचा कोर्स केला. सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलं आहे.

कोर्सचा मुख्य नियम: ऐंशी टक्के ऐका, वीस टक्के बोला. संकल्प: नियम काटेकोर पाळणे.

स्वतःच्या डोक्याने एक फॉर्म तयार केला आहे. ‘अंतिम इच्छा नोंद पत्रक’. नऊ रकाने. सातवा सगळ्यात महत्त्वाचा: इच्छा (थोडक्यात). माणसाचा जीव शेवटी कशात तरी अडकलेला असतो. ते शोधून काढलं की सुटका शांतपणे होते. इतकी वर्षं हे काम कोणी पद्धतशीर केलंच नाही.

संध्याकाळी ७.००
पहिला दिवस उत्तम. सुरुवात डायलिसिसपासून केली. तिथला माणूस चार तास जागचा हलू शकत नाही, त्यामुळे सत्संगाला सोयीचा. अहमदभाई, मुरूडचे, पूर्वी स्वतःची होडी होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार येतात. त्यांना देहाच्या नश्वरतेबद्दल पन्नास मिनिटं सांगितलं. विसाव्या मिनिटाला त्यांनी डोळे मिटले. एवढ्या लवकर ध्यान लागणं सोपं नाही. त्यांच्या बीबी, गुलबानू, शेजारी बसून तसबीहचे मणी ओढत होत्या. त्यांनीही डोळे मिटले.

ऐंशी-वीसचं प्रमाण थोडं उलटं झालं. पहिलाच दिवस होता.

४ नोव्हेंबर, मंगळवार
बायकांच्या वॉर्डात गेलो. इन्चार्ज सिस्टर पूनम जरा तुटक बोलतात. त्यांनी एक केस दिली. गोदूबाई, पोयनाडच्या आतल्या गावच्या, भातशेतीवाल्या. आधारकार्डावर एक जानेवारी, म्हणजे वय अंदाजे ऐंशी. लिव्हरचा कॅन्सर, गणपतीपासून इथे दाखल. औषधाची हद्द संपली, फार तर दोन आठवडे असं डॉक्टर म्हणतात. मुलगा सुजित उरणला प्लांटमध्ये शिफ्टवर असतो. सून क्रांती कापणीचा हंगाम सांभाळून दोन वेळचा डबा घेऊन येते.

मी ओळख करून दिली. बाईंनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, “मना घरा जायाचं हाय.”

मी पेन काढून विचारलं, आजी, तुमची इच्छा काय? त्या पुन्हा तेच म्हणाल्या. मग मी समजावून सांगितलं की ही इच्छा नव्हे, ही मागणी. खाटेवरचा प्रत्येक पेशंट हेच म्हणतो. इच्छा म्हणजे कोणाला भेटायचं राहिलं असेल, एखादा नवस राहिला असेल. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. विचारात पडल्या असाव्यात.

सातवा रकाना आज रिकामा ठेवला.

५ नोव्हेंबर, बुधवार
अहमदभाईंनी स्वतःहून सुचवलं की खिडकीपाशी वारा चांगला येतो, तिकडे बसा. खिडकी हॉलच्या दुसऱ्या टोकाला आहे. माणूस स्वतः सुईला बांधलेला आणि काळजी माझी करतो. याला म्हणतात परिणाम.

गोदूबाईंच्या बाबतीत धागा सापडला. क्रांतीकडून कळलं की त्यांची धाकटी बहीण दिघीला दिलेली आहे. एका लग्नात मानपानावरून बिनसलं, पंधरा वर्षं बोलणं नाही. जीव इथेच अडकलाय. बहिणीला फोन केला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
बहीण सकाळच्या फेरीबोटीने आगरदांड्याला उतरली आणि तिथून एस.टी.ने आली. दोघी एकदम रडल्या. बहिणीने चमच्याने पेज भरवली. मीही डोळे पुसले. सातवा रकाना भरला: ‘भगिनीभेट. पूर्ण.’ खाली सही केली.

तेवढ्यात गोदूबाई बहिणीला म्हणाल्या, मना घरा ने. बहिणीने माझ्याकडे बघितलं. मी टेम्परेचरचा चार्ट बघितला.

रकाना खोडावा लागला. खाडाखोड केलेला कागद मला आवडत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
जिताडा. खाणाऱ्या माणसाचा जीव जिताड्यात अडकणार नाही तर कशात? खानावळीतून रस्सा करवून आणला. पूनम सिस्टरनी सगळ्या वॉर्डासमोर मला सुनावलं, मासळी आत आणायची परवानगी कोणी दिली म्हणून. गोदूबाईंनी वास घेतला, कोणी केलाय विचारलं, आणि वाटी बाजूला सारली. घरा जाऊन खाईन म्हणाल्या.

मी जरा चढ्या आवाजात बोललो. म्हटलं, आधी बऱ्या व्हा, मग घरी.

हे वाक्य मी याच इमारतीत पूर्वीही वापरलं आहे. २०२२ साली, माझ्या पत्नीपाशी, खाट क्रमांक सोळा. तीही घरी ने म्हणत होती. नेलं नाही. इथेच गेली. त्याचा या केसशी काही संबंध नाही. संदर्भापुरतं लिहिलं.

१० नोव्हेंबर, सोमवार
मोठ्या डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. म्हणाले, गोदूबाईंना इथे आपण जे देतोय ते घरीही देता येईल. दुखण्याचं औषध द्यायला नर्स पाठवता येईल. पण मुलगा घाबरतो, वाटेत काही झालं तर गाव काय म्हणेल म्हणून. त्यातून आजींच्या मनात काय आहे हे बसून विचारायला आम्हाला वेळ नाही. तुम्ही रोज बसता. फाइलमध्ये दोन ओळी लिहा, त्यावरून मी सुजितशी बोलतो.

चौतीस वर्षांत कोणा साहेबाने माझ्या अभिप्रायावर निर्णय सोडला नव्हता. सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘रुग्ण शांत व समाधानी आहे. हलवण्याची निकड दिसत नाही.’

कारणं आहेत. घरी पलंग नाही. रस्ता खराब. क्रांती दिवसभर शेतावर. पुन्हा, आजारी माणसाला आपलं हित कळत नसतं, ते दुसऱ्याने बघायचं असतं. मी हिच्या वेळी तेच केलं. गोदूबाईंना घरी नेणं बरोबर ठरलं तर मग २०२२चं काय? निकाली निघालेलं प्रकरण असं पुन्हा उघडत नाहीत.

रात्रीचं जेवण गेलं नाही. पित्त असावं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
अहमदभाई आज पूर्णवेळ जागे. त्यांनी मला जवळ बसवलं आणि विचारलं, त्या आजीला काय हवंय? मी म्हटलं, गोपनीय आहे, शोध चालू आहे. ते म्हणाले, “गुलबानू काल मशीनचा कागद घ्यायला आलेली, तवा आजीजवळ दोन मिनिटं बसली. तिला सांगितलं आजीनं. तुमाला आठ दिवसांत न्हाय सांगितलं?”

मी म्हटलं, वरवरचं सांगणं वेगळं, खोलवरचं वेगळं. त्यांनी चादर तोंडावर ओढली.

हे ध्यान नसावं. आधीचंही नसावं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
गोदूबाई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या आहेत. मौन हे समाधानाचं लक्षण मानतात, त्यामुळे माझा अभिप्राय योग्यच होता. पण आज उठायला लागलो तर त्यांनी मनगट धरलं. अंगात काही उरलं नाही, तरी पकड घट्ट. डोळे दाराकडे. मी पाऊण तास तसाच बसलो. मला भीती वाटली. कशाची ते सांगता येत नाही.

फाइलमधल्या दोन ओळी बदलाव्यात असं ठरवून डॉक्टरांकडे गेलो. ते ओ.टी.त होते. मग जेवायला गेले. शनिवार त्यांचा अलिबागचा दिवस. सिस्टरना सांगता आलं असतं, पण पूनम सिस्टर म्हणाल्या असत्या की हे पहिल्या दिवशी का नाही लिहिलं. सोमवारी सकाळी साडेनऊला, सगळ्यात आधी हेच काम.

१६ नोव्हेंबर, रविवार
गोदूबाई पहाटे पाच चाळीसला गेल्या. इथेच.

सातला फोन आला, आठला पोचलो. क्रांती बाकावर बसलेली, मांडीवर डबा. पेज केलेली होती, आणली तोवर उशीर झाला. सुजित कागदांवर सह्या करत होता. मी शेजारी बसलो. आत्मा अमर आहे वगैरे तोंडाशी आलं होतं.

तिनेच विचारलं, “काका, आई मना रोज सांगायच्या, घरा ने म्हणून. मी म्हणायची, कापणी होऊ दे. तुमाला कधी बोलल्या व्हत्या का? तुमाला बोलल्या असत्या तर तुमी डॉक्टरांना सांगितलंच असतंत.”

मी म्हणालो, “नाही. मला असं काही बोलल्या नाहीत.”

ती म्हणाली, म्हणजे मनाच सांगत व्हत्या, मीच न्हाय ऐकलं. मग ती रडायला लागली आणि मी पाणी आणायला गेलो. पाणी घेऊन परत गेलो नाही. जिन्यात उभा राहून स्वतःच प्यालो.

१८ नोव्हेंबर
गेलो नाही. गुडघा.

१९ नोव्हेंबर
गुडघा.

२१ नोव्हेंबर
गुडघ्याला काही झालेलं नाही.

तिला वाटतंय की दोष तिचा एकटीचा. कापणी सोडून दोन वेळा डबा घेऊन येणाऱ्या बाईला मी हे देऊन पाठवलं. दहाव्याला जाऊन खरं सांगायचं. भाषण नको. दोन वाक्यं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी ६.३०
गेलो. पोयनाडला उतरून पुढे रिक्षा. वाटेत दोन वाक्यं पाठ केली. पिंडदान आटोपून माणसं परतली होती. खळ्यात भात रचून ठेवलेलं. घर चांगलं आहे, स्वच्छ. पडवीत पलंग होता. गादी गुंडाळून ठेवली होती, चादर धुतलेली. क्रांतीने गणपती झाल्यापासूनच तो तयार करून ठेवला होता म्हणे, आई येतील म्हणून.

तिने मला खुर्ची दिली आणि बायकांना सांगितलं, हे काका शेवटपर्यंत आईंजवळ बसायचे. बायकांनी हात जोडले. एकीने पाणी आणून दिलं. निघून यायला हीच वेळ सोयीची होती.

मी म्हणालो, “क्रांती, मला रोज म्हणायच्या. पहिल्या दिवसापासून. तुझी चूक नाही. डॉक्टर घरी पाठवायला तयार होते. मीच नको म्हटलं.”

पाठ केलेली वाक्यं ही नव्हती. क्रांतीने आवाज चढवला नाही.

“रोज म्हणायच्या,” ती म्हणाली. “मंग तुमी काय केलंत?”

मी म्हणालो, “लिहून ठेवलं.”

ती पदर खोचून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत होता. पाणी दिलेल्या बाईने पेला परत नेला. बसा म्हणायला कोणी थांबलं नाही. मी नाक्यापर्यंत चालत आलो, एस.टी. मिळाली, बसायला जागाही मिळाली.

बॅज, फॉर्म आणि राजीनामा उद्या पूनम सिस्टरकडे देणार आहे. गोदूबाईंच्या फॉर्मवर सातवा रकाना आज भरला: घरी जायचं आहे. तारीख चार नोव्हेंबरची घातली.

मग एक कोरा फॉर्म घेतला. खाट क्रमांक सोळा. सातव्या रकान्यापर्यंत आलो आणि आठवेना, ती नक्की कोणत्या शब्दांत म्हणाली होती. घरी ने, की घरी चल, की आपण जाऊया. हिचं तर मी लिहूनही ठेवलं नव्हतं.