डाकिणीचं काय करायचं?

प्रिय दामिनीताई,

हे पत्र एकटीच वाच. फोन करणार होतो, पण बापू माझा फोन आला की स्पीकर चालू करतात आणि ओट्यावर कोण बसलेलं असेल त्यालाही ऐकवतात. मेसेज करावा तर तुझा फोन काकांची पोरं खेळायला घेतात. म्हणून लिहायला बसलो. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घे.

मी अजून लुधियान्यालाच आहे. बापूंना वाटत असेल की पोरगा इथूनही पळाला. नाही पळालो. केळी पिकवायच्या खोलीत काम आहे. बाहेर ऊन, आत थंडी, दिवसभर आत-बाहेर. कानात मशीन घालून तू फोनवरच्या अ‍ॅपवर भागाभागानं टाकतेस ती गोष्टच ऐकत असतो. मला एवढं वाचायचा कंटाळा, पण फोनच आता वाचून दाखवतो. एक बाई बोलते त्यात, एकदम कोरड्या आवाजात, तरी तुझी डाकीण मला दिसते. पुण्यात आठव्या मजल्यावर राहणारी, स्कूटीवर फिरणारी, जिच्यासाठी लाल सिग्नल आपोआप हिरवा होतो ती. बिल्डिंगमधल्या कुणाचं मूल रडलं की रात्री दार वाजवून तेल लावायला जाणारी. इथल्या पोरांना मी छातीवर हात मारून सांगतो की ही माझ्या बहिणीनं लिहिली. नाव दुसरं लावलंय, पण बहीण माझी.

खाली लोक काय लिहितात ते पण मी सगळं ऐकतो. आधी फार हसायला यायचं. ती नागपूरची बाई, ‘डाकीण असून लिफ्टमध्ये अडकते, हे काही पटलं नाही.’ तो कोल्हापूरवाला, दर भागाखाली एकच, ‘ताई, हिचं त्या रिक्षावाल्याशी लग्न लावा ना.’ कुणी लिहिलं की रागावल्यावर ती जी भाषा बोलते ती लई गोड आहे, कुठली आहे? तू उत्तर दिलंस, आमच्याकडची अहिराणी. तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता वाटतं, तिथूनच सुरू झालं.

कारण ताई, ती पुण्याची नाहीच. हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके, डाव्या हाताची अर्धी करंगळी, सगळ्यांना ‘मन्हा राजा’ म्हणायची सवय. तू फक्त तिला स्कूटीवर बसवलंस. आई गेल्यावर आपल्याला जिनं न्हाऊ-माखू घातलं, बापू शेतात असताना जिच्या खोपीत आपण भाकरी खाल्ली, ती तापीबाईच आहे ती. तू प्रेमानं लिहिलंस. मला ते पहिल्याच भागात कळलं होतं आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. पण जे मला कळलं ते गावाला कळणार नाही, असं आपण कसं धरून चाललो?

मग कुणीतरी दोनच तारे देऊन लिहिलं, ‘डाकीण एवढी मायाळू असेल तर भीती कशाची वाटणार?’ ते तुला लागलं असणार. पुढच्याच भागात तेल लावलेलं बाळ गेलं. गावातल्या दिलवरसिंग काकांच्या नातवाचं तू मनात धरून लिहिलंस ना? ते लेकरू शहाद्याच्या दवाखान्यात गेलं, त्याच्या काळजाला जन्मापासून भोक होतं, तापीबाई दिवसभर न जेवता बसली होती, हे तूच मला सांगितलंस. पुढच्या भागात तू डॉक्टरला बोलायला लावणार आणि डाकिणीवरचा आळ काढणार, हेही मी ओळखतो. पण तू भाग तिथेच तोडलास, बाळ गेल्यावर. आणि खाली वाचणाऱ्यांना विचारलंस, ‘डाकिणीचं काय करायचं? तुम्हीच ठरवा. मत अमावास्येपर्यंत.’

पुण्या-नागपूरला तो खेळ आहे, ताई. आपल्याकडे नाही.

मोबाईल दुकानवाल्या हेमकांतनं लिहिलंय, ‘ही बाई खरी आहे. आमच्या शिवारात राहते. करंगळी बघून घ्या.’ त्याच्याखाली अंगठ्यांवर अंगठे. कुणी विचारतंय गाव कुठलं, कुणी लिहितंय, ‘आमच्या घरचं लेकरू खाल्लं हिनं.’ ते दिलवरसिंग काकांच्या पुतण्याचं आहे, फोटो त्याचाच. आणि सगळ्यात खाली परवा एक आलं, ‘मत कशाला द्यायचं, अमावास्येला जाऊनच बघू.’ त्यावर लोक हसणारी तोंडं टाकताहेत. कोल्हापूरवाल्यानं पण टाकलं. त्याला वाटतंय गोष्टच चाललीय. आपल्याकडचा भगत, बडवा, सुपात दाणे टाकतो आणि कुणाचं तरी नाव काढतो, तेव्हा निदान दहा माणसं समोर असतात. इथे किती आहेत आणि कुठे आहेत तेच कळत नाही.

तुला आठवतं का, डोंगरातून टेम्पोनं येताना आपण पाहिलेली ती बाई? डाकीण ठरवून केस भादरलेले, रस्त्याच्या मधोमध उभी. टेम्पोवाला हॉर्न वाजवत राहिला. कुणी पाणी दिलं नाही. तापीबाई खाली उतरली आणि आपल्या लुगड्याचा पदर काढून तिच्या डोक्यावर टाकला. बापूंनी हाक मारली तरी तापीबाई तिच्याजवळून हलली नाही. माझ्या डोळ्यांपुढून त्या बाईचं ते रस्त्यावरचं उभं राहणं जात नाही. फक्त तोंड आता दुसरं दिसतं.

भाग काढून टाकू नकोस. काढलास तर म्हणतील, बघा, डाकिणीनं लेखिकेलाच गप्प केलं. डॉक्टरवाला भाग आजच टाक, पण त्याच्यावर विसंबून राहू नकोस. आळ घेणारे पुढचा भाग वाचत नाहीत. त्यांनी लिहिलेल्या सगळ्याचे फोटो काढून ठेव आणि बापूंना घेऊन शहाद्याला पोलिसांत दे. कायदा आहे, मला माहीत आहे. पण आधी माणूस हलव, मग कागद.

आणि म्हणून हे पत्र टपालात टाकलं नाही. ज्यानं तुझ्या हातात दिलं तो दोधू, आमच्या केळीच्या ट्रकचा ड्रायव्हर, भिलाटीच्या, भिल्लांच्या वस्तीच्या, वळणावर इंजिन चालू ठेवून थांबलाय. त्याला सगळं सांगितलंय. पुढच्या गावी माल भरेपर्यंत तापीबाई केबिनमध्ये पडदा लावून बसेल आणि मग सरळ माझ्याकडे येईल. खोली घेतली आहे. तू आत्ता ऊठ आणि तिच्या खोपीवर जा. खरं सांगशील तर ती येणार नाही. म्हणेल, ‘मी कोन्हं काय वाईट करं? मन्हं घर आठेच शे.’ स्वतःच्या जिवासाठी ती पाऊल उचलणार नाही. म्हणून तिला एवढंच सांग की ललित फार आजारी आहे, एकटा पडलाय, तुलाच बोलावतोय. मग ती चप्पल घालायला पण थांबणार नाही. तेवढी घाल तिच्या पायात. लांबचा रस्ता आहे.

तुझाच भाऊ,
ललित