बादलीत उगवलेला दगड

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, भावजींचा खोकला आणि तिन्ही पोरांचा दंगा जिथल्या तिथे असेल अशी आशा आहे. (पहिल्या दोन्हींत उतार पडला तर आनंदच, तिसऱ्यात पडू नये.) "मला जरा शांतता हवी" म्हणून तणतणत तुझ्या घरातून निघालो आणि इथे एकटा राहायला आलो, त्याला वर्ष होत आलं. शांतता मिळाली. जरा जास्तच मिळाली, म्हणून हे पत्र.

प्रयोगशाळेत दगड कापून त्याच्या पातळ चकत्या करणं हे माझं काम, तुला माहीतच आहे. मध्यंतरी आमच्या बाईंनी (मोठ्या शास्त्रज्ञ, पण डोक्यावरचा चष्मा मला शोधायला लावतात) एक विचित्र चुनखडक आणला. म्हणाल्या, फार फार पूर्वी समुद्रातले बहुतेक जीव मरून गेले, तळाचा चिखल उकरणारं, कुरतडणारं जवळजवळ कोणी उरलं नाही, तेव्हा तिथे दगडच उगवला. थरावर थर, आणि पंखे उघडावेत तसे स्फटिक. कापून झाल्यावर दगड धुवायचा असतो. आमच्या नळाला पाणी नव्हतं, म्हणून मी अतिशहाणा तो घरी घेऊन आलो, बादलीत भिजत घातला आणि साफ विसरलो.

आठवला तेव्हा बादलीच्या तळाला चिमुकले पांढरे पंखे धरले होते. दगड परत नेऊन दिला, बादली घासली. पण मग घरातल्या मुंग्या गेल्या. झुरळं गेली. पाल गेली तेव्हा मी खूश झालो, खोटं कशाला बोलू? आता साखरेचा डबा उघडा टाकला तरी कोणी फिरकत नाही. डाससुद्धा गुणगुणत नाही गं, आणि मला त्याची आठवण येते! पुढे दुसऱ्या खुर्चीवर, जिच्यावर कधीच कोणी बसत नाही, पांढरा थर चढला. माझी खुर्ची स्वच्छ. मी येतो-जातो तेवढी फरशी स्वच्छ, बाकी कोपऱ्याकोपऱ्यांत पंखे. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "अहो, लग्न करून टाका." (शास्त्रज्ञ!)

हल्ली कामावरून आलो की प्रत्येक खुर्चीवर बसून उठतो, भांडी आपटतो, कपाटाशी भांडतो. शेजारी मला वेडा समजतात. पण एकटा माणूस ढवळून ढवळून किती घर ढवळणार? मला भीती वाटते, ताई. तू म्हणशील, ये निघून. एवढा तमाशा करून गेलो, आता कोणत्या तोंडाने येऊ?

बाकी क्षेम. काळजी नसावी.

तुझा,
धाकटा

ता. क. सुट्टी लागली की तिन्ही पोरांना इकडे पाठव. गाद्यांवर नाचू देत, भिंती रंगवू देत, मी चकार शब्द काढणार नाही. कुत्राही चालेल.

आणखी एक ता. क. सुट्टीची वाट न पाहिलेली बरी. जागेपणी मी निभावतो, पण झोपेत मी फारसा हलत नाही, आणि आज सकाळी उठताना अंगावरची चादर कडकन मोडली. तुम्ही आल्यावर दार उघडलं नाही, तर भावजींना सरळ फोडायला सांग, आणि पलंगावर जे काही असेल त्याला आधी गदागदा हलवा.