हलायचं नाही

क्रिस्टल रिव्हर, फ्लोरिडा
२ फेब्रुवारी

प्रिय ड्वेन,

कसा आहेस? गुडघा बरा आहे ना? इथली थंडी अजून हटत नाही. शेजाऱ्यांनी आणलेल्या खाण्याने फ्रीज भरलाय. धुरी दिलेले मासे तर इतके, की मांजरसुद्धा तोंड फिरवतं. डॅडींच्या अंत्यविधीला तू मागच्या बाकावर बसलास आणि जेवायला न थांबता निघून गेलास. मी रागावले नाही. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं.

फोनवर तू तो फोटो मागितलास. टेसाने तुला सांगितलं म्हणे, आजोबा आणि मॅनाटी, ती समुद्रगाय, अगदी समोरासमोर, काय सुंदर आलाय! माझ्या लेकीच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. तू परत विचारलंस तेव्हा मी कॅमेरा बिघडलाय म्हणाले. कॅमेरा धडधाकट आहे.

डॅडींच्या वाढदिवसाला दरवर्षीसारखे आम्ही झऱ्यावर गेलो. डॅडी, मी आणि टेसा. पाण्यावर वाफ, थर्मासमधली कॉफी, आणि डॅडींच्या सूचना. बोटीने लोकांना या गायी दाखवायचा धंदा बंद केला तरी गिऱ्हाइकांना सांगायची सवय गेली नव्हती.

"गायी आपल्याकडे येतात, आपण गायींकडे जायचं नाही. ओंडका व्हायचं. हलायचं नाही!"

टेसा म्हणाली, "आजोबा, पाळण्यात होते तेव्हापासून ऐकतेय हे."

"ऐकलंस गं, शिकलीस का?" मग तुझा विषय निघालाच. "ड्वेनला जन्मात जमलं नाही. पाण्यात रेडा शिरल्यासारखा शिरायचा. गायी समुद्रात, गिऱ्हाइकं घरी!"

हसत म्हणाले रे. पण याच कारणावरून त्यांनी तुला चारचौघांत बोटीवरून उतरवलं आणि तू गावच सोडलंस, ते मला आठवलं. मी धीर करून विचारलं, "बोलावू का त्याला?" थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी ये म्हणावं. पण लाथा झाडायच्या नाहीत."

हा निरोप तुला द्यायचा राहिला होता. दिला.

मग ते आधी पाण्यात उतरले, मागून आम्ही. पोहायचा चष्मा, तोंडात श्वासाची नळी, चेहरा पाण्यात, हातपाय सैल. नेहमीसारखेच. एक मादी पिल्लाला घेऊन वर आली, थेट त्यांच्यापाशी, आणि ते मिशाळ तोंड त्यांच्या चष्म्याच्या काचेला लावून राहिली. टेसा पुढे सरकायला लागली, तर मी तिला पाय धरून मागे ओढलं. हाताने खूण केली, थांब. आणि फोटो काढत सुटले. इतकं स्थिर मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मनात म्हटलं, म्हातारा अजून उस्ताद आहे!

गाय पिल्लाला घेऊन निघून गेली. डॅडी तसेच होते. तरीही मी वाट पाहिली, अजून एखादी येईल म्हणून.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. लगेच बाहेर काढलं असतं तर कदाचित. हा शब्द माझ्या घशाखाली उतरत नाही, ड्वेन. फोटो नीट पाहिलास तर कळेल, नळी त्यांच्या तोंडातून सुटलेली आहे. टेसाच्या अजून लक्षात आलेलं नाही. तिला कधी सांगू नकोस.

फोटो या पत्रासोबत आहे. भिंतीवर लावू नकोस.

टेसाने नियम पाळला, मीही पाळला. न पाळणारा आपल्या घरात एकच होता. तू असतास तर लाथा झाडत गेला असतास, गायी उधळल्या असत्या, डॅडींना खांद्याला धरून गदागदा हलवलं असतंस. आणि त्यांनी डोकं वर काढून तुला आईबापावरून शिव्या घातल्या असत्या. त्या शिव्यांसाठी मी आज काहीही देईन रे.

पुढच्या जानेवारीत डॅडींच्या वाढदिवसाला ये. हवं तेवढं पाणी ढवळ.

शहाण्यासारखी जागची न हललेली,
तुझी बहीण
नॅडीन